हार्मोन नकोत, मग झळांवर घ्यायचं काय?

«माझं वय ४८. नाशिकला पोळीभाजी केंद्र चालवते. दीड वर्षापूर्वी स्तनातली कर्करोगाची गाठ काढली, मग केमो आणि रेडिएशन झालं. त्यानंतर टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज चालू आहे. पाळी केमोत थांबली ती थांबलीच. आता दिवसातून आठ-नऊ वेळा छातीपासून डोक्यापर्यंत आग उठते, ब्लाउज भिजतो, धडधडतं. तव्यासमोर असले तर लाटणं खाली ठेवावं लागतं. रात्री दोन-तीनदा उठून पंख्याखाली बसते. बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ घेते. झोप नाही, चिडचिड फार, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी पॅरॉक्सेटिन १२.५ दिली. त्याने झळा थोड्या कमी झाल्या. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, हार्मोनच्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत. नणंद म्हणते, शतावरी आणि सोयाच्या कॅप्सूल घे. कधी कधी वाटतं, टॅमॉक्सिफेनच बंद करावी. हार्मोन सोडून दुसरं काही आहे का?»

ताई, नमस्कार.

आहे, आणि एकापेक्षा जास्त आहे. पण त्यातलं तुम्हाला काय चालेल हे झळा किती येतात यापेक्षा तुम्ही आधीपासून कुठल्या गोळ्या घेता यावर ठरणार आहे. म्हणून आधी गोळ्यांचा डबा उघडू.

टॅमॉक्सिफेन मनाने बंद करू नका. झळा हा तिचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे, आणि त्याला कंटाळून अनेक बायका ती अर्ध्यात सोडतात. ही गोळी पाच वर्षं, काहींना दहा वर्षं, गाठ परत येऊ नये म्हणून दिलेली असते. झळा आटोक्यात आणता येतात. त्रास अगदीच सोसेना झाला तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांच्याकडेही बदलाचे मार्ग असतात.

आता पॅरॉक्सेटिन. पत्रातली खरी काळजीची गोष्ट ही. टॅमॉक्सिफेन गिळली तशीच कामाला लागत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम तिच्यापासून एन्डॉक्सिफेन तयार करतं आणि इस्ट्रोजेनला अडवण्याचं बरंचसं काम हे एन्डॉक्सिफेन करतं. पॅरॉक्सेटिन नेमकं हेच एन्झाइम जवळजवळ ठप्प करते. फ्लुऑक्सेटिनचंही तेच, सिगारेट सोडायला किंवा नैराश्यावर देतात त्या बुप्रोपिऑनचंही तेच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या २०१० च्या एका अभ्यासात, टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन जितके जास्त दिवस घेतली गेली तितके स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू जास्त दिसले. इतर काही अभ्यासांत तसं दिसलं नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण हे एन्झाइम न अडवणारी गोळी मिळत असताना ही जोखीम घ्यायची कशाला?

जवळच्या डॉक्टरांचंही फारसं चुकलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने नैराश्याच्या औषधांपैकी झळांसाठी मंजूर केलेलं औषध पॅरॉक्सेटिनच आहे, ७.५ मिलिग्रॅममध्ये, २०१३ पासून. टॅमॉक्सिफेन न घेणाऱ्या बाईला ते चांगलं चालतं. एका डॉक्टरांनी दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना दिसत नाही, घोळ तिथे होतो. दोन्ही पाकिटं, बीपीच्या गोळीसकट, पिशवीत घाला आणि याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर पॅरॉक्सेटिन एकदम तोडू नका. ती एकाएकी बंद केली की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारख्या सणका आणि भयंकर चिडचिड होते. ती टप्प्याटप्प्याने कमी करून दुसरी कशी सुरू करायची हे डॉक्टर लिहून देतील.

हार्मोन का नाहीत, तेही सांगून टाकते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन पाहणारी ‘हॅबिट्स’ नावाची चाचणी स्वीडनमधून चालली होती. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये रोग परत येण्याचं प्रमाण जास्त दिसल्यामुळे ती २००३ मध्ये मध्येच थांबवावी लागली. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा नकार पक्का समजा. बाहेरून कोणी ‘नैसर्गिक हार्मोन’ म्हणून क्रीम किंवा गोळी सुचवली तर तिलाही तोच नकार लागू.

झळ येते तेव्हा आत काय चालतं हे कळलं की औषधांची निवड समजायला सोपी जाते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या शेजारच्या काही पेशींना एरवी इस्ट्रोजेनचा लगाम असतो. इस्ट्रोजेन घटलं, किंवा टॅमॉक्सिफेनने ते अडवलं, की या पेशी मोकाट सुटतात आणि न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जास्त सोडतात. मग एरवी शरीराने दुर्लक्ष केलं असतं इतका किरकोळ तापमानाचा फरकही मेंदूला ‘फार उकडतंय’ असा वाटतो. लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, हृदय जोरात चालतं. पाचेक मिनिटांत घाम वाळतो आणि हुडहुडी भरते. तव्याच्या धगीने तुमची झळ लवकर पेटते ती यामुळेच.

गोळी बदलण्याआधी, आणि नंतरही, एक वही ठेवा. हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान चालेल. झळ आली की वेळ लिहा आणि तिला गुण द्या: नुसतं गरम झालं, घाम नाही, तर १. घाम आला पण हातातलं काम चालू राहिलं तर २. काम सोडावं लागलं किंवा झोप मोडली तर ३. रात्री बेरीज करा. समजा नऊ झळा आल्या, त्यातल्या चार तीन गुणांच्या, तीन दोन गुणांच्या, दोन एक गुणाच्या, तर झाले १२ + ६ + २ = २०. आठवडाभर असं लिहा आणि रोजची सरासरी काढा. औषध सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच करा. २० चे १० झाले तर औषध लागू पडलं, १६ झाले तर डॉक्टरांना सांगून पुढचं बघायचं. हे आकडे नसले तर ‘बरं वाटतंय बहुतेक’ एवढंच हाती राहतं, आणि झळांच्या बाबतीत ‘बहुतेक’ फार फसवं असतं. चाचण्यांमध्ये खोटी गोळी (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) दिलेल्या बायकांच्या झळाही २० ते ५० टक्क्यांनी कमी होतात. कुठल्याही चूर्णाची इतकी तारीफ ऐकू येते त्याचं एक कारण हे.

एक तपासून घेण्यासारखं आहे. ॲम्लोडिपिननेही काहींचा चेहरा तापतो आणि लाल होतो. ही गोळी सुरू झाल्यावर किंवा तिचा डोस वाढल्यावर झळा वाढल्या होत्या का, आठवून सांगा. थायरॉइडची टीएसएच तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्या. आणि रात्रीच्या घामाबरोबर ताप, वजन घटणं किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो पाळी जाण्याचा घाम समजू नका. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लगेच.

तुमच्या डब्यात सगळ्यात सहज बसण्यासारखी गोळी म्हणजे व्हेनलाफॅक्सिन. नैराश्यासाठी ती मोठ्या डोसात देतात, झळांना छोटा पुरतो. ती सीवायपी२डी६ ला फारसा धक्का लावत नाही, म्हणून टॅमॉक्सिफेनबरोबर आधी हीच बघतात. सुरुवात साधारणपणे ३७.५ मिलिग्रॅमच्या सावकाश विरघळणाऱ्या कॅप्सूलने, सकाळी नाश्त्यानंतर. आठवड्याने गरज असेल तर ७५. ‘लॅन्सेट’मध्ये २००० साली आलेल्या चाचणीत चार आठवड्यांनी झळा खोट्या गोळीने २७ टक्के, ३७.५ ने ३७ टक्के आणि ७५ ने ६१ टक्के कमी झाल्या होत्या. १५० नेही ६१ टक्केच. म्हणजे ७५ च्या पुढे झळांसाठी फायदा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. परिणाम एक-दोन आठवड्यांतच कळतो, ही तिची जमेची बाजू.

त्रास कुठला? पहिले पाच-सात दिवस मळमळ. यातच बऱ्याच जणी सोडून देतात. रिकाम्या पोटी घेतली तर जास्त होते, खाऊन घेतली आणि पहिला आठवडा ३७.५ वरच राहिलं तर बहुधा निभावते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, संध्याकाळी घेतली तर झोप उडू शकते. काहींना घामच जास्त येतो. वहीचा उपयोग इथे होतो: झळेशिवायचा घाम वाढला तर औषधावर संशय घ्यायचा. कॅप्सूल चावायची किंवा फोडून कुटायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. तुम्हाला बीपी आहे आणि ही गोळी ते वाढवू शकते. वाढ मुख्यतः मोठ्या डोसात होते, तरी पहिला महिना आठवड्यातून दोनदा बीपी मोजून त्याच वहीत लिहा. १४०/९० च्या वर दोनदा आलं तर डॉक्टरांना कळवा. अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी मेडिकलमधून आणून याबरोबर घेऊ नका, दोन्हींमुळे सेरोटोनिन वाढून अंग थरथरणं, ताप, गोंधळ असा धोकादायक प्रकार होऊ शकतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते, त्याही विचारूनच. आणि हीदेखील एकदम बंद करायची गोळी नाही. गावाला जाताना पाकीट घरी राहिलं की दुसऱ्याच दिवशी चक्कर सुरू होते.

व्हेनलाफॅक्सिन सोसली नाही तर एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम हा याच वळणाचा पर्याय. त्या एन्झाइमवर तिचा परिणाम सौम्य असतो. तुमची झोप आणि चिडचिड यांनाही या दोन्ही गोळ्यांनी हात दिला तर पॅरॉक्सेटिनची उणीव भासणार नाही.

गॅबापेन्टिन ही मूळची फिटांची आणि नसांच्या दुखण्याची गोळी. तिचा टॅमॉक्सिफेनशी काहीच झगडा नाही आणि ती बीपी वाढवत नाही. दिवसाला ९०० मिलिग्रॅमने झळा साधारण निम्म्यावर येतात, ३०० ने फारसं काही होत नाही. पण ९०० म्हणजे ३०० ची गोळी तीनदा, आणि सुरुवातीला गुंगी, चक्कर. तुम्ही दिवसभर गरम तव्यासमोर उभ्या. दुपारच्या डोसाच्या गुंगीत हात भाजायला किती वेळ लागतो? तुमच्यासाठी ती दिवसाची गोळी नाही. मात्र मोडलेली झोप हाच मोठा त्रास असेल तर रात्रीचा एकच डोस, झोपण्याच्या तासभर आधी, विचारात घेण्यासारखा आहे. गुंगी इथे उलट उपयोगी पडते. पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल त्या रात्री घ्या, सकाळी डोकं किती जड राहतं ते कळेल. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर डोस कमी लागतो, म्हणून क्रिएटिनिन माहीत असू द्या. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

ऑक्सिब्युटिनिन ही वारंवार लघवी होण्याची गोळी. २.५ किंवा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतली तर झळांवर चांगली चालते. चाचणीत टॅमॉक्सिफेनवरच्या बायकाही होत्या. तुमच्यासाठी मी ती मागे ठेवेन. ती घाम रोखून काम करते, आणि मे महिन्यात गॅससमोर उभ्या राहणाऱ्या बाईला घाम यायलाच हवा. तो अडला तर ऊष्माघाताची भीती. शिवाय तोंड फार कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांना ती चालत नाही, आणि उतारवयात दीर्घकाळ घेतली तर स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची काळजी असते. बैठं काम असलेल्या, घामानेच हैराण झालेल्या बाईला हेच औषध मी सहज सुचवलं असतं.

तुम्हाला बीपी आहे म्हटल्यावर कोणी क्लोनिडिन सुचवेल, ‘बीपीही उतरेल, झळाही जातील’ म्हणून. ऐकायला छान, पण फायदा थोडा, चक्कर आणि सुस्ती जास्त, आणि अचानक थांबवली तर बीपी उसळतं. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या मार्गदर्शनात ती शिफारशीतून काढली आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात एफडीएने फेझोलिनेटंट मंजूर केलं. वर सांगितलं ते न्यूरोकायनिन बी ज्या दारातून आत शिरतं, ते दारच हे औषध बंद करतं. ४५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी. पण डिसेंबर २०२४ मध्ये यकृताला क्वचित होणाऱ्या गंभीर इजेबद्दल तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापला गेला. सुरू करण्याआधी, पहिले तीन महिने दर महिन्याला, मग सहाव्या आणि नवव्या महिन्यात यकृताची रक्ततपासणी करावी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं साधं अँटिबायोटिकही तिच्याबरोबर चालत नाही. आणि तिच्या मुख्य चाचण्यांत स्तनाचा कर्करोग झालेल्या बायका नव्हत्याच. एलिंझानेटंट हे त्याच जातीचं दुसरं औषध मात्र टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या घेणाऱ्या बायकांवरच तपासलं गेलं आणि २०२५ मध्ये त्याचे चांगले निकाल आले. ही दोन नावं डॉक्टरांना जरूर विचारा, पण परदेशातून कोणाकडून मागवून स्वतः सुरू करू नका. तुमच्या परिस्थितीत जुनी, स्वस्त, जेनेरिकमध्ये मिळणारी गोळी आधी.

गोळी नकोच असेल, किंवा गोळीने अर्धंच काम झालं, तर सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर यांच्या गटाने ती खास झळांसाठी बसवली आणि २०१२ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांवर तपासली. झळांची संख्या फार घटत नाही, त्यांचा जाच घटतो आणि झोप सुधारते. आठवड्याला एक अशा चार ते सहा बैठका असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊन ‘झळा आणि झोप यासाठी सीबीटी’ असं नेमकं मागा.

त्यातला एक भाग आजपासून करता येईल. झळ सुरू झाली की खांदे आणि जबडा सैल सोडा. पोटाने श्वास घ्या, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. मनात येणारं ‘गिऱ्हाईक बघतंय, काय वाटेल’ हे वाक्य ओळखा आणि त्या जागी ‘तीन-चार मिनिटांत जाईल’ हे ठेवा. झळ ढकलून लावायला जाऊ नका, धडपडीने धडधड वाढते. नुसत्या श्वासाने झळा कमी होतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही, या सगळ्याबरोबर मात्र तो उपयोगी पडतो. रात्री जाग आली तर मोबाइल आणि घड्याळ बघू नका, चादर बाजूला करा, कोरडा सुती गाऊन उशाशी ठेवलेला असू द्या, आणि झोप कशीही झाली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा.

संमोहनाचेही पुरावे चांगले आहेत, पण ते प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडून, जाहिरातवाल्याकडून नव्हे. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने झळा कमी होतात. योगासनं आणि चालणं झोपेसाठी, हाडांसाठी, बीपीसाठी करा, झळांसाठी त्यांचा पुरावा कच्चा आहे.

केंद्रात एक बदल करा. टेबलफॅन गॅसकडे लावला तर ज्योत विझते, म्हणून बऱ्याच जणी पंखाच बंद ठेवतात. शेगडीच्या वर एग्झॉस्ट बसवा आणि पंखा मागून, पाठीवर वारा येईल असा. पोळ्या लाटणं आणि भाजणं दोघींत वाटून घ्या, सलग तव्यापुढे अर्धा तासापेक्षा जास्त नको.

आता नणंदेच्या कॅप्सूल. सोयाबीनची भाजी, टोफू जेवणात खायला हरकत नाही. सोयाचा अर्क भरलेली कॅप्सूल मात्र नको: त्यातले आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखे वागू शकतात, आणि झळांवर त्यांचा भरवशाचा फायदाही दिसलेला नाही. शतावरीचंही तेच, इस्ट्रोजेनसारख्या गुणांसाठीच तर ती दिली जाते, त्यामुळे तुमच्यासाठी नाही. ब्लॅक कोहोश नावाच्या परदेशी मुळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हळदीच्या कॅप्सूलही नकोत, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या, कारण त्यांनी एन्डॉक्सिफेन कमी होतं. आमटीतली हळद चालू द्या. जवसाची चटणी आवडत असेल तर खुशाल खा, पोट साफ राहील. जवसावर झळांसाठी नीट चाचणी झाली तेव्हा ते खोट्या उपायापेक्षा सरस ठरलं नाही. नणंदेला वाईट वाटू नये म्हणून घ्यायची गोष्ट ही नाही. ‘कॅन्सरच्या डॉक्टरांनी मना केलंय’ एवढं सांगा.

शेवटी टॅमॉक्सिफेनबद्दल दोन गोष्टी, ज्या झळांच्या गडबडीत मागे पडतात. पाळी थांबली म्हणजे गरोदर राहणारच नाही असं केमोनंतर धरता येत नाही, म्हणून निरोध किंवा कॉपर-टी याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि अंगावरून पुन्हा रक्त गेलं, एक पाय सुजून दुखू लागला किंवा अचानक दम लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. रक्त गेलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, पाय सुजला किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.